उजेडाचा पंचनामा

इसवी सन २०२२ चा गुढीपाडवा एप्रिलच्या २ तारखेस आला होता. दिवसभर दारी उभ्या असलेल्या गुढ्या सूर्यास्ताबरोबर उतरल्या होत्या. चैत्र शुद्ध प्रतिपदेची ती रात्र. चंद्राचा उजेड असा नव्हताच. रात्रीचे पावणेआठ वाजण्याच्या सुमारास पश्चिमेच्या बाजूने अग्नीची एक रांग आकाशात शिरली आणि पूर्व-आग्नेयेच्या रोखाने संथपणे निघाली. पुढे मोठे तेजस्वी गोळे, मागे लहान ठिणग्या, आणि त्या साऱ्यांमागे लांबलचक शेपट्या. गुजरात व मध्य प्रदेश येथील लोकांनी ती पाहिली. जळगाव, बुलढाणा, अकोला, वर्धा, नागपूर या भागांतील लोकांनीही पाहिली. आकाशात तारा तुटतो तेव्हा शेजारच्या माणसास 'ते पाहा' म्हणेपर्यंत तो नाहीसा होतो. ही रांग मात्र घरातल्या माणसांना हाका मारून अंगणात बोलावण्याइतका वेळ दिसत राहिली. पाहणाऱ्या प्रत्येकास ती आपल्या शिवारापलीकडेच कोठे तरी पडली असे वाटले.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचे गाव आहे. तेथल्या लोकांना मात्र तसे नुसते वाटले नाही. गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालली असता आकाश लाल झाले आणि मोठा आवाज होऊन गावातल्याच एका मोकळ्या जागेत काही तरी आदळले. स्फोट होईल या भीतीने माणसे घरांत शिरली आणि अर्धा तास कोणी बाहेर आले नाही. नंतर धीर करून पाहतात तो तेथे धातूचे एक प्रचंड कडे पडलेले. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोग्रॅमच्या घरात. सुदैव असे की, कोणास इजा झाली नाही. जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावी धातूचा एक गोळाही सापडला. त्याचा व्यास सुमारे दीड फूट होता. पोलिसांनी या वस्तू ताब्यात घेतल्या, जिल्हा प्रशासनाने वरिष्ठांना कळविले, आणि आणखी तुकडे कोठे पडले आहेत काय, याचा शोध गावोगाव सुरू झाला.

तोपर्यंत तर्कांना ऊत आला होता. कोणी उल्कापात म्हटले, कोणी विमान कोसळले म्हटले. जाणकारांपैकीही काहींचा पहिला अंदाज पुढे चुकीचा ठरला. त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडमधील माहिया येथून 'इलेक्ट्रॉन' नावाचे अग्निबाण उडाले होते. दीड तासाने आकाशात उजेड दिसला, तेव्हा हे अवशेष त्याचेच असावेत, असे अनुमान निघाले. वेळ जुळत होती. पण नुसती वेळ जुळली म्हणजे कारण सापडले असे होत नाही. खरे काय ते ठरविण्यास चौकशीच हवी होती.

आकाशातल्या उजेडाची सरकारी चौकशी करावयाची म्हणजे काय करावयाचे? चोरी झाली तर मुद्देमाल असतो, अपघात झाला तर जागा असते. उजेड मात्र क्षणात विझून जातो आणि मागे उरते ती पाहणाऱ्यांची साक्ष. ही साक्ष घ्यावयाची कशी, तिच्यावर विश्वास ठेवावयाचा किती, आणि ती कोणत्या कसोटीस लावावयाची, हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात, काशीजवळ, एका इंग्रज अधिकाऱ्यापुढे उभा राहिला होता.

तत्पूर्वी आपल्याकडे असल्या दृश्यांचा विचार झाला नव्हता असे मात्र नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त उल्कांचा एक स्वतंत्र अध्याय घातला असून त्यांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्याचा हेतू शुभाशुभ फल सांगण्याचा होता. तथापि उजेडाचा आकार, आवाज, शेपटी आणि गती यांवरून वर्गवारी करावी, ही दृष्टी त्यात आहे. उजेड दिसला म्हणजे तो कसा दिसला हे प्रथम सांगावे, हा चौकशीचा पहिला पाठ त्यातून घेण्यासारखा आहे.

काशीची हकीकत १९ डिसेंबर १७९८ ची आहे. रात्री ८ च्या सुमारास, निरभ्र आकाशात, बनारस आणि आसपासच्या लोकांना अग्नीचा एक मोठा गोळा दिसला. मेघगर्जनेसारखा आवाज झाला, आणि शहरापासून सुमारे १४ मैलांवर गोमतीच्या उत्तरेकडील क्राखुट नावाच्या गावाजवळ दगडांचा वर्षाव झाला. रॉयल सोसायटीचे एक सभासद जॉन लॉइड विल्यम्स त्या वेळी तेथे होते. जिल्ह्याचे न्यायाधीश व दंडाधिकारी सॅम्युअल डेव्हिस यांनी एक चतुर मनुष्य चौकशीसाठी गावात धाडला. गावकऱ्यांनी सांगितले की, सकाळी शेतांत ठिकठिकाणी माती नुकतीच उकरल्यासारखी दिसली आणि खणून पाहिले तेव्हा दगड मिळाले. बहुतेक दगड सहा इंच खोल रुतले होते. एक तर पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर फोडून आतल्या जमिनीत घुसला होता. गोळा केलेले दगड इंग्लंडला गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या देशांत पडलेल्या अशा दगडांबरोबर त्यांचे पृथक्करण केले आणि १८०२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: दूरदूरच्या देशांत पडलेले हे दगड एकमेकांसारखे आहेत, आणि त्यांतल्या लोखंडात निकेल हा धातू आहे. क्राखुटच्या शेतकऱ्याची साक्ष अशा रीतीने लंडनच्या प्रयोगशाळेत खरी ठरली.

ही गोष्ट किती मोठी होती, हे समजण्यास त्या काळच्या विद्वानांची वृत्ती ध्यानात घेतली पाहिजे. आकाशातून दगड पडतात, असे युरोपातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. आणि आकाशात दगड नाहीतच, तेव्हा ते पडतील कोठून, असे म्हणून बहुतेक पंडित त्यांना हसत होते. जर्मन शास्त्रज्ञ ख्लाड्‌नी याने १७९४ मध्ये या साक्षींची बाजू घेतली. पण त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. हा वाद मिटला तो एका सरकारी चौकशीने.

२६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, लेग्ल या गावाजवळ, भरदुपारी आकाशात स्फोट होऊन हजारो दगड पडले. गृहमंत्री शाप्ताल यांनी चौकशीसाठी झां-बातिस्त बियो या २९ वर्षांच्या शास्त्रज्ञास पाठविले. बियोने केलेले काम आजही आदर्श म्हणून दाखवावे असे आहे. तो थेट लेग्लला गेला नाही. दूरच्या गावापासून त्याने सुरुवात केली, वाटेवरच्या लोकांना आपण काय पाहिले, काय ऐकले असे विचारीत तो घटनास्थळाकडे सरकत गेला. एकमेकांना न ओळखणाऱ्या, निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांची साक्ष जुळते काय, हे त्याने पाहिले. त्या भागातल्या लोखंडाच्या भट्ट्या, कारखाने आणि खाणी यांतून असला दगड निघतो काय, याचीही त्याने खात्री करून घेतली. तसा दगड तेथे कोठेच नव्हता. शेवटी दगड कोठकोठे पडले ते नकाशावर मांडले, तेव्हा त्यांची लांबट वर्तुळासारखी आकृती उमटली. एकाच दिशेने आलेल्या एकाच पदार्थाचे तुकडे विखुरले, तर नेमकी अशीच आकृती उमटावयास हवी. त्याचे निवेदन त्याच वर्षीच्या जुलैत पॅरिसमध्ये वाचले गेले आणि दगड आकाशातून पडतात, ही गोष्ट विज्ञानाने मान्य केली. बियोने पुरावे दोन प्रकारचे मानले होते. एक वस्तूंचे आणि दुसरे माणसांच्या साक्षीचे. दोन्ही एकमेकांस ताडून पाहावयाचे, ही त्याची रीत होती.

ही रीत सुटली म्हणजे काय होते, ते विसाव्या शतकात अमेरिकेत दिसून आले. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने नऊ चकाकत्या वस्तू अतिवेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले, आणि 'उडत्या तबकड्या' हा शब्द जगभर झाला. अमेरिकेच्या वायुसेनेने प्रथम 'साइन', मग 'ग्रज' आणि १९५२ पासून 'ब्लू बुक' या नावांनी चौकशी चालविली. १९६९ मध्ये ती बंद झाली तेव्हा एकंदर १२,६१८ प्रकरणांची नोंद झालेली होती. त्यांपैकी ७०१ प्रकरणांचा उलगडा झाला नव्हता. बाकीच्यांत ग्रह, तारे, उल्का, फुगे, विमाने अशीच कारणे निघाली. कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या समितीनेही असाच निर्णय दिला की, या अभ्यासातून विज्ञानास काही नवे मिळण्याची आशा नाही.

निर्णय बहुतांशी बरोबर होता. तरी लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही. याचे कारण चौकशीच्या पद्धतीत होते. १९५३ मध्ये एका समितीने सरकारला असा सल्ला दिला की, लोकांच्या मनातले हे कुतूहलच कमी करावे. चौकशीचा हेतू शोध घेण्याऐवजी शांत करण्याचा झाला, की साक्षीदारास ते कळतेच. १९६६ मध्ये मिशिगन राज्यात अनेकांनी उजेड पाहिले, तेव्हा वायुसेनेचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ हायनेक यांनी, काही दृश्ये दलदलीतल्या वायूमुळे दिसली असावीत, असा खुलासा केला. त्यावर देशभर हसे झाले आणि ज्यांनी प्रामाणिकपणे पाहिले ते सांगितले होते, त्यांना आपला अपमान झाल्यासारखे वाटले. पुढे स्वतः हायनेकच वायुसेनेच्या पद्धतीचे टीकाकार बनले. उत्तर चुकले नसले, तरी ते घाईने आणि वरून फेकल्यासारखे दिले, तर त्याचा उपयोग होत नाही. अमेरिकेतल्या त्या बावीस वर्षांचा सारांश एवढाच आहे.

याउलट एक उदाहरण भारतातले आहे. २०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये, सीमेवरच्या एका सरोवराच्या बाजूस, आपल्या जवानांना रात्री तेजस्वी वस्तू दिसत होत्या. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार अशा ३२९ नोंदी झाल्या, आणि त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तूंनी सीमा ओलांडल्याचा समज झाला. शेजारी राष्ट्राने पाठविलेली टेहळणीची याने असावीत, ही शंका आली. हा समज खरा धरून कोणी गोळी झाडली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही नकोशी वाटते. परंतु सैन्याने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेस बोलाविले. शास्त्रज्ञांनी जवानांच्या नोंदी झिडकारल्या नाहीत. कोणत्या वेळी, क्षितिजापासून किती उंच, कोणत्या दिशेस आणि ताऱ्यांच्या सापेक्ष ती वस्तू कशी सरकते, हे पाहून लिहावयास सांगितले. नोंदी आल्या आणि कोडे सुटले. एक वस्तू गुरू ग्रह होता, दुसरी शुक्र. त्या हिवाळ्यात गुरू जवळजवळ रात्रभर तळपत होता आणि शुक्र पहाटे उगवत होता. समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांवरच्या त्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रहांचे तेज इतके प्रखर दिसते की, मैदानात वाढलेल्या माणसास ते ओळखू येऊ नये. मुंबईच्या दिव्यांत किंवा रायपूरजवळच्या उरला येथील पोलादी कारखान्यांच्या झगमगाटात लहानाचा मोठा झालेला मनुष्य खरे काळे आकाश क्वचितच पाहतो. तेव्हा त्याने शुक्रास यान समजावे, यात हसण्यासारखे काही नाही.

आता सिंदेवाहीच्या कड्याकडे वळू. येथे काशीप्रमाणे वस्तू होती, लेग्लप्रमाणे साक्ष होती, आणि या दोहोंखेरीज सव्वादोनशे वर्षांपूर्वी नसलेले एक तिसरे साधनही होते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मोठ्या मानवनिर्मित वस्तूंची रडारच्या साहाय्याने नोंदवही ठेवली जाते आणि कोणती वस्तू केव्हा खाली येईल, याचे अंदाज बांधले जातात. अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी त्याच रात्री दाखवून दिले की, चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये उडविलेल्या 'लाँग मार्च ३ बी' या अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्या सुमारासच वातावरणात शिरणार होता, आणि त्याचा मार्ग या भागावरूनच जात होता. आठवडाभरात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, शास्त्रज्ञ सिंदेवाहीस आले आणि त्यांनी कडे व गोळे तपासले. न्यूझीलंडच्या अग्निबाणाचा तर्क मागे पडला.

या उत्तराने लोकांनी पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा उलगडा होतो. अशा अग्निबाणाचा शेवटचा टप्पा उपग्रहास सोडून दिल्यावर एका फार लांबट कक्षेत फिरत राहतो. त्याचे एक टोक पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, तर दुसरे काहीशे किलोमीटरवरच असते. जवळच्या टोकाशी आला की, विरळ हवेचे घर्षण त्याची थोडी गती काढून घेते. दर फेरीस थोडी, अशी कक्षा आखडत जाते. येथे चौदा महिन्यांनी ती संपली. उल्का सेकंदास ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने येतात आणि बहुधा तिरप्या कोसळतात. म्हणून त्या क्षणात विझतात. हा टप्पा त्या मानाने सावकाश आणि वातावरणास जवळजवळ समांतर आला. म्हणून ती रांग इतका वेळ दिसली. तो वाटेत तुटत गेला, तेव्हा एकाचे अनेक गोळे झाले. हे जळणे कित्येक किलोमीटर उंचीवर चालते, त्यामुळे शेकडो कोसांवरच्या माणसांस ते एकाच वेळी दिसते आणि प्रत्येकास ते जवळचे वाटते. इंधनाच्या टाक्यांवर दाब राखण्यासाठी हेलियम वायू भरलेले मजबूत गोळे अग्निबाणात असतात. ते टायटॅनियमसारख्या धातूंचे असतात, आणि टायटॅनियम वितळण्यास सुमारे १,६७० अंश सेल्सिअस उष्णता लागते. बाकीचे सारे जळून गेले तरी असे गोळे आणि जाड कडी शिल्लक राहतात. लाडबोरीच्या माणसांनी सांगितलेले लाल आकाश, आवाज आणि कडे यांत खोटे असे काहीच नव्हते.

मात्र चौकशीचे काम एवढ्यावर संपत नाही. वस्तू कोणाची हे कळले, की जबाबदारी कोणाची हा प्रश्न येतो. १९६७ च्या अंतराळ कराराने अवकाशात पाठविलेल्या वस्तूची जबाबदारी पाठविणाऱ्या राष्ट्रावर टाकली. १९६८ च्या करारान्वये अशी वस्तू ज्या देशात सापडेल त्याने पाठविणाऱ्यास आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांस कळवावयाचे असते. १९७२ च्या कराराने जमिनीवर होणाऱ्या नुकसानीची भरपाई बंधनकारक केली. २४ जानेवारी १९७८ रोजी अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह 'कॉसमॉस ९५४' कॅनडाच्या उत्तरेस कोसळला. कॅनडाने ६० लाख डॉलरांहून अधिक मागणी केली आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरांवर तडजोड झाली. पुढच्याच वर्षी, ११ जुलै १९७९ रोजी, अमेरिकेचे 'स्कायलॅब' पडले, तेव्हा ते कोठे पडेल या धास्तीने भारतात तो शब्द घरोघरी झाला होता. अवशेष पडले ते पश्चिम ऑस्ट्रेलियात.

त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर २०२३ च्या जुलैत धातूचे एक मोठे नळकांडे वाहत आले. तेथेही लोक जमले, तर्क झाले, पोलिसांनी पहारा ठेवला. ३१ जुलै रोजी ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने जाहीर केले की, ते बहुधा भारताच्या 'पीएसएलव्ही' अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष आहेत. सिंदेवाहीत आपण दुसऱ्याचे अवशेष तपासले होते. येथे दुसऱ्याने आपले तपासले. आकाशात अग्निबाण उडविणारे राष्ट्र हे साक्षीदारही असते आणि कधी जाब देणारेही असते. लाडबोरीच्या मोकळ्या जागेत त्या रात्री मुले खेळत असती तर, हा प्रश्न म्हणूनच एकट्या चीनला विचारण्याचा नाही. अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवण्यासाठी इस्रोने बंगळूर येथे जुलै २०२२ मध्ये एक स्वतंत्र केंद्र सुरू केले, ही त्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होय.

आपल्याकडे गुन्हा घडला की गावातली चार माणसे साक्षीस घेऊन पंचनामा करितात. शास्त्रज्ञ मागाहून येतात, उपकरणे मागाहून येतात. पहिला मजकूर लिहिला जातो तो पाहणाऱ्यांच्या तोंडून. क्राखुटचा पहारेकरी, नॉर्मंडीचा शेतकरी, लडाखचा जवान आणि लाडबोरीचे गावकरी हे सारे असे पंच होत. त्यांपैकी काहींनी पाहिलेल्या वस्तूस चुकीचे नाव दिले असेल. पण त्यांनी पाहिले ते खरे होते, आणि ते कोणी तरी आदराने लिहून घेतले म्हणूनच उत्तर सापडले.

असा उजेड पुन्हा दिसेल, यात शंका नाही, कारण वर जाणाऱ्या अग्निबाणांची संख्या वर्षागणिक वाढते आहे. त्या वेळी पाहणाऱ्याने घड्याळ पाहावे, कोणत्या दिशेने आला आणि कोणत्या दिशेस गेला ते ध्यानात धरावे, किती वेळ दिसला हे मोजावे. काही पडलेले आढळले तर त्यास हात लावू नये, कारण त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो, पोलिसांस कळवावे. आणि ज्याच्याकडे ही वर्दी येईल त्याने ती हसण्यावारी न नेता लिहून घ्यावी.